बारीक जागा

डॉक्टर लुंडगोर डेनिश फार सावकाश बोलतात,
जणू आम्ही शाळेत ती शिकलोच नाही.
औषध जुनंच आहे, म्हणाले, पण जबर.
आठ महिने मिळतील. कदाचित वर्ष.
आणि नाही घेतलं तर?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
बोटांवर मोजण्याइतके.

मग बोटांचंच निघालं.
बधिर होतात, म्हणाले, आधी टोकं,
काहींची जाणीव परत येते,
काहींची नाही.

सुन्नवाने हात टेबलाखाली घेतले.

सत्तावीस हंगाम ही बाई डोळे मिटून लोकर निवडतेय.
मानेची, पोटाची, पाठीवरची.
मी बोटीचं इंजिन उघडून बसलेलो असतो तेव्हा
शेडमधून तिचा आवाज येतो,
हानुस, योएनला सांग, त्याची ती काळतोंडी
गेल्या हिवाळ्यात आजारी होती.
योएनला माहीतच नसतं.
धागा मध्येच कुठेतरी बारीक होतो म्हणे,
मेंढीवर वाईट महिना आला
की तेवढाच.
आम्हाला दिसत नाही. तिच्या चिमटीला लागतो.

परतीच्या फेरीत दोन तास
आम्ही खिडकीशी बसलो, कॉफी निवली.
मी म्हणालो, तू म्हणशील तसं.
मला वाटलं, शहाण्यासारखं बोललो.
हेच म्हणायचं असतं ना अशा वेळी?

घरी बिरिता समुद्रशेवाळाची पूड ठेवून गेली होती.
तिच्या मावसभावाचं पोट त्याने बरं झालं.
योएनने दारात दोन कॉड टांगले आणि पळाला,
भेटायला नको म्हणून.
तिच्या बहिणीचा फोन: लढ.
माझ्या भावाचा फोन: कशाला छळता तिला.
मी डिझेलच्या बिलामागे रेघ मारून
डावीकडे घ्यावं, उजवीकडे घेऊ नये, असं लिहायला बसलो.
डावी बाजू भरली. वाचून पाहिली
तर तिथे तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.
सगळी माझीच भीती, सुवाच्य अक्षरात.

रात्री वारा छपराचं गवत उपसत होता.
ती जागीच होती.
तू म्हणशील तसं, म्हणालास ना बोटीवर,
मला तू बाहेरून कडी लावल्यासारखं ऐकू आलं.

मी गप्प.
मग जे आलं ते धड वाक्यसुद्धा नव्हतं.
घे ते औषध, म्हणालो. मला इथे. ह्या घरात. सकाळी.
कॉफी एकाच कपाची कशी करतात, मला नाही
ते माप येत.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, हे तुझं झालं.
आता ते तुझ्याजवळ ठेव, माझ्या पाठीवर देऊ नकोस.
माझं ऐक.
चार वेळा घेईन.
मग माझी बोटं काय म्हणतात ते मी बघेन, डॉक्टर नाही.
ती नको म्हणाली
तर तू गप्प बसायचंस.

बसेन, म्हणालो.
जमेल की नाही, देवाला ठाऊक.

मंगळवारचं विमान आहे, कोपनहेगनचं.
आज रविवार. तिने मला शेडमध्ये बोलावलं,
पिंपावर बसवलं,
डोळ्यांवर स्वतःचा मफलर बांधला.
तिच्या मफलरला सगळ्या मेंढ्यांचा वास येतो.
हातात एक बट दिली.
माझी बोटं नुसती ग्रीस आणि भेगा.
काय आहे? तिने विचारलं.
लोकर, मी म्हणालो.

ती हसली. कितीतरी दिवसांनी,
आणि हसताना दुखलं असावं, कारण मध्येच थांबली.

मग माझी तर्जनी तिने आपल्या बोटांत घेतली
आणि धाग्यावरून नेऊ लागली, मुळाकडून टोकाकडे,
इतकी हळू की बाहेर योएनचं कुत्रं
दोनदा भुंकून कंटाळलं.

इथे कुठेतरी आहे, म्हणाली. बारीक जागा.
सापडली?

नाही.

घाई करू नकोस. पुन्हा.